नाव घेऊन बोलावणाऱ्या वंदनाताई

माझ्या मुलीचं रक्त सहा दिवस तिच्या अंगाबाहेर फिरत होतं.

त्या सहा दिवसांत तिला नावाने बोलावत राहिलेल्या वंदनाताई काल गेल्या. ब्रेन हॅमरेज. साठीसुद्धा पूर्ण झाली नव्हती.

जुई तेव्हा पाच वर्षांची. पुण्याजवळ मांजरी गावात नवीन फ्लॅट, मी हडपसरला सॉफ्टवेअरमध्ये, नवरा ऑनसाइट, परदेशात. कंपाउंडपलीकडे ऊसतोड चालू होती. जुई स्कूलबसमधून उतरली, पार्किंगमध्ये पडलेला चेंडू घ्यायला वाकली आणि किंचाळली.

वॉचमनकाकांनी साप पाहिला. "घोणस हाय, मॅडम. आधी गाडी काढा."

विषावरची इंजेक्शनं वेळेत मिळाली. तरी दुसऱ्या दिवशी लघवी थांबली. तिसऱ्या दिवशी चेहरा इतका सुजला की माझीच मुलगी मला ओळखू येईना.

डॉक्टर म्हणाले, "आई, किडन्या बंद पडल्यात. नेहमीचं चार तासांचं डायलिसिस तिचं बीपी झेलणार नाही. हे मशीन रात्रंदिवस, हळूहळू चालवायचं. किडन्या जाग्या होईपर्यंत."

मानेत एक जाड नळी. रक्त बाहेर, फिल्टरमधून, परत आत. एवढ्याशा जिवाचं कपभर रक्त कायम बाहेर.

मी जुईच्या हाताला हात लावला. गार.

मग नळीला बोट लावलं.

कोमट होती.

मशीन सांभाळायला वंदनाताई. मूळच्या यवतमाळच्या. पुण्यात इतकी वर्षं काढूनही बोली तीच. अंगणात खेळणाऱ्या पोरांना घरात बोलावतात ना, तशा थोड्या थोड्या वेळाने म्हणायच्या, "जुई, ये बाई. ये इकडं."

म्हणताना त्या जुईकडे बघत नसत.

नळीकडे बघत.

न राहवून मी विचारलं, "अहो, ती औषधाने झोपलीये. तिला कुठे ऐकू येतंय?"

"तिले नाही वो मॅडम. रक्ताले. बाहेर निंगालं का रस्ता भुलते ते. नाव घेऊन बलवा लागते."

मी कोड लिहिणारी बाई. त्याही परिस्थितीत मला हसू आलं.

मशीनच्या चौथ्या दिवशी दुपारी त्या जेवायला गेल्या. "मी येईस्तोवर तुम्ही बलवा."

मी दोनदा हाक मारली. मग ऑफिसचा फोन आला. रिलीज अडकलं होतं. पॅसेजमध्ये जाऊन दहा मिनिटं बोलले.

परत आले तर अलार्म वाजत होता. फिल्टरमधलं रक्त काळपट पडलेलं. "क्लॉट झालाय, नवीन लावा!" डॉक्टर ओरडले. बाहेरचं रक्त बाहेरच राहिलं होतं आणि जुईचं बीपी खाली, आणखी खाली.

वंदनाताई तोंडातल्या घासासकट धावत आल्या. हात नवीन फिल्टर जोडत होते आणि तोंडाने एकच. जुई. जुई. जुई.

शेजारी मीही ओरडत होते.

बीपी वर यायला बराच वेळ लागला. नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं. विष उतरलं की रक्त पुन्हा गोठायला लागतं, म्हणून फिल्टर तुंबला. म्हणजे एका अर्थी चांगलीच खूण.

मला पटलं. आजही पटतं.

पण त्यानंतर मी तिथून हलले नाही. हाकही थांबवली नाही.

मशीनच्या सहाव्या दिवशी पिशवीत चमचाभर लघवी आली. वंदनाताई नाचायच्याच बाकी होत्या. "शू केली वो पोरीनं!"

जुई धडधाकट घरी आली. हॉस्पिटलमधलं तिला काहीच आठवत नव्हतं.

महिन्याभराने एक सुरू झालं.

खेळता खेळता मध्येच मान वर करून म्हणायची, "आले!"

घरात कुणीच हाक मारलेली नसायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी चपला घालून थेट दारापर्यंत गेली. "अगं, कुठे निघालीस?" तर म्हणे, "बोलावतायत ना."

मी वंदनाताईंना फोन लावला. त्यांच्यामागे मशीनची घरघर ऐकू येत होती.

सगळं ऐकून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तीन दिवस झाले, माह्याकडं एक लेकरू हाये मशीनवर. तिचंबी नाव जुईच."

मी जुईचा हात घट्ट धरला.

"आता नाही बलवत त्या नावानं. तुम्ही दार लावून घ्या."

त्या दुपारनंतर जुई असं कधी म्हणाली नाही.

आज ती बावीस वर्षांची आहे. काल माझ्यासोबत कात्रजला वंदनाताईंच्या घरी आली. त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी इतकी का रडतेय, ते तिला कळेना.

ती दुसरी मुलगी मग कोणत्या नावाने परत आली? आली तरी का?

दर दिवाळीला आम्ही फोनवर बोलायचो. मी कधी विचारलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता विचारणार कुणाला?

वंदनाताई, तुम्हाला माझा आणि माझ्या जुईचा शेवटचा नमस्कार.