कारल्याच्या चकत्या

माझे सासरे बावड्याला भाजीपाला करायचे. कारली, दुधी, भेंडी. सासूबाई जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा बारामतीच्या बाजारात भाजी उतरवताना त्यांच्या छातीत कळ आली. तिथंच दवाखान्यात ठेवलं. ते घरी आले, पण तळलेलं बंद, मीठ अगदी नावाला.

त्यांना भाकरीबरोबर काहीतरी कुरकुरीत लागायचं. सासूबाई हयातभर बटाट्याचे वेफर, कुरडया तळून देत आल्या होत्या. आता ते ताटावर बसायचे, दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे.

"मामा, जेवा की थोडं," मी म्हणायचे.

"भूकच न्हाय पोरी."

नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कुणाला विचारावं, कुठं वाचावं, काही सोय नव्हती. मी आपल्या मनानं सुरुवात केली. दुधी करपला. बीट चामड्यासारखं झालं. मग कारलं घेतलं. पातळ चकत्या केल्या, चिंचेच्या पाण्यात ठेवल्या, पिळून सासूबाईंच्या जुन्या लुगड्यावर उन्हात वाळवल्या. तेलाचं बोट लावून तव्यावर मंद आचेवर परतत राहिले. वरून जिऱ्याची पूड आणि आमचूर. मीठ नाही.

मामांनी एक चकती तोंडात टाकली. मोडल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. त्या दिवशी त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली.

तेव्हापासून दुपारी आम्ही दोघं ओसरीवर बसायचो. ते कारली धुऊन द्यायचे, मी चिरायचे. ते फारसं बोलत नसत. एकदा म्हणाले, "तुझ्या सासूला असलं कायतरी करून घालायला पायजे हुतं. तीबी तळलेलंच खात राहिली."

हिवाळ्यात त्यांनी नरसिंहपूरला बहिणीकडं जायचं काढलं. जाताना म्हणाले, "डबा भरून दे. तिलाबी खाऊ दे." मी मोठा डबा भरला. त्यांना एसटीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाले, "दोन दिसांत येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. बहिणीच्या घरी झोपेतच गेले होते.

दहावं-तेरावं होईपर्यंत आत्या, म्हणजे त्यांची बहीण, आमच्याकडंच राहिली. एका दुपारी ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"त्या रात्री दादा पोटभर जेवला," ती म्हणाली. "आल्यागेल्याच्या हातावर चकत्या ठेवत हुता. सून करती म्हणून सांगत हुता. मी मीठ पुढं केलं तर म्हणाला, नगं, हाय ती चव चांगली हाय."

मी पदर तोंडाला लावला. तोवर रडले नव्हते, पाहुण्यांच्या चहापाण्यातच होते.

आत्या म्हणाली, "मला शिकीव."

आम्ही विळी घेतली. तिच्या चकत्या जाडजूड पडत होत्या. थोड्या वेळानं तिनं विळी माझ्याकडं सरकवली. "न्हाय जमायचं मला. तूच घेऊन येत जा."

मग दर हिवाळ्यात मी चकत्या घेऊन नरसिंहपूरला जात राहिले. आम्ही दोघी त्यांच्याविषयी बोलत बसायचो. दशक सरता सरता तीही गेली. त्यानंतर तिकडं जायला कारण उरलं नाही.