विरघळलेल्या जाळीबद्दल लेखी निवेदन

"काका, तुमच्या अंगठ्याचा टेंडन तुटला आहे," नगरच्या रुग्णालयातील डॉक्टर बाई म्हणाल्या. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. उजव्या तळहाताची जखम सोनईच्या दवाखान्यात शिवून दोन आठवडे झाले होते. तरी अंगठ्याचे पेर वाकत नव्हते, पेन धरवत नव्हते.

जखमेचे कारण लपवीत नाही. ग्रामसभेची सूचना मुदतीत लावली नव्हती, म्हणून मी ग्रामपंचायतीच्या रिकाम्या सूचनाफलकावर हात आपटला. काच फुटली. "काचंला कायदा कळत न्हाई," आमच्या मंडळी एवढेच म्हणाल्या.

उपाय असा होता: तुटलेली टोके शिवायची आणि त्यांभोवती स्कॅफोल्ड, म्हणजे बारीक तंतूंची आधारजाळी, गुंडाळायची. हे तंतू टेंडनच्याच दिशेने विणलेले असतात. दोडक्याचा वेल सुतळीला धरून चढतो, तशा पेशी त्यांना धरून वाढतात. पुढे जाळी विरघळते. पद्धत अजून अभ्यासाधीन होती.

"विरघळणाऱ्या वस्तूची जबाबदारी कोणावर? लेखी हमी द्या," मी म्हणालो.

"हमी देता येणार नाही. टिकायचे ते तुमच्या टेंडनने. जाळी जाण्यासाठीच घडवली आहे."

संमतिपत्र मी दोनदा वाचले. सहीच्या वेळी पेन गळून पडले. परिचारिका म्हणाली, डावा अंगठा लावा, साक्षीदाराची सही घेऊ. ग्रामसभेच्या नोंदवहीतील अंगठ्यांविरुद्ध मी आयुष्यभर अर्ज केले. पत्नीला दटावून सही शिकवली. आता मीच अंगठा उमटवला. साक्षीदार म्हणून तिने सावकाश, पूर्ण नावाने सही केली आणि पदर पुढे केला. "सही शिकवताना लई रडवलं हुतं मला. आना तो अंगठा, शाई पुसते."

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे हात स्प्लिंटमध्ये, म्हणजे आधारपट्टीत होता. त्यानंतर रोज व्यायाम. पहिल्यांदा पेर तसूभर वाकले, त्या दिवशी मी कोणावरही रागावलो नाही.

ज्यांचा हात कापेल त्यांना विनंती: नुसती कातडी शिवून घरी जाऊ नका. प्रत्येक पेर वाकते का, हे डॉक्टरांसमोर तपासून घ्या.

फलकाला नवी काच बसली आहे. सूचना अजूनही उशिरा लागते; माझे अर्ज चालूच आहेत, आता फक्त कागदावर.

परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, जाळी आता उरलेली नाही. तिने काम केल्याचा पुरावा दाखवता येणार नाही. म्हणून हे निवेदन मी स्वतःच्या उजव्या हाताने लिहून, खाली सही करून देत आहे.