डॉक्टरांना दिलेलं उत्तर

धाकट्या जावेला दिवस गेले होते तेव्हा ती दारू घ्यायची, हे मला माहीत होतं. दीर रोज प्यायचे, त्यांच्याबरोबर तिलाही सवय लागलेली. एकदा स्वयंपाकघरात वास आला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "थोडीच घेती, अक्का. कुणाला सांगू नका." मी सांगितलं नाही. रावेतमधलं आमचं जुनं घर, चारचौघांत नाव जाईल एवढंच मनात आलं. तिला थांबवावं असं काही सुचलं नाही.

मुलगी झाली. बारकी, पण गोड. पाच वर्षांची झाली तरी एका जागी बसेना, सांगितलेलं लगेच विसरायची. निगडीच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "गरोदरपणात आईनं दारू वगैरे घेतली होती का?" जाऊ खाली बघत राहिली. मीच बोलले, "न्हाई हो. आमच्या घरात बायका पीत न्हाईत."

मग आम्ही पोरीला हट्टी ठरवून टाकलं. संध्याकाळी पाठ झालेला पाढा सकाळी तिला येत नसे. मी कान पिळायचे, मारायचे, उन्हात उभं करायचे. रडायची, आणि थोड्या वेळानं "मोठी आई" करत गळ्यात पडायची. मला वाटायचं, कोडगी आहे.

सहावीत असताना एक अनोळखी बाई "चल" म्हणाली, तर ही तिच्यामागं कासारवाडी स्टेशनपर्यंत गेली. ओळखीच्या रिक्षावाल्यानं बघितलं म्हणून परत आली. त्यानंतर तिला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं, त्यांनीही तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "व्हय. प्यायची मी. सातव्या महिन्यापर्यंत."

बाई रागावल्या नाहीत. पोटात मेंदू घडत असतानाच दारूनं त्याला इजा होते, म्हणाल्या. लक्षात ठेवणं, स्वतःला आवरणं, धोका ओळखणं अशा मुलांना जड जातं. मेंदूच्या फोटोत ते दिसेलच असं नाही. "ती मुद्दाम करत नाही हो. आधी कळलं असतं तर तिला तेव्हापासूनच वेगळ्या पद्धतीनं शिकवता आलं असतं."

परतताना जाऊ म्हणाली, "अक्का, तवा तुमी न्हाई म्हणालात, मला लई बरं वाटलं व्हतं."

आता पोर चौदाची आहे. एका वेळी एकच काम सांगतो. भिंतीवर चित्रं लावलीत, ती बघून दप्तर भरते. पाढे नाही आले.

परवा दूध उतू गेलं. गॅस बंद करायला मी हात पुढं केला, तर ती डोकं झाकून भिंतीला चिकटली. मी तिला जवळ घेतलं. बराच वेळ ती अंग चोरूनच उभी होती.