जाडीतून वाटणी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या जालन्याच्या घरात बंगईवर झोका घेत बसलो होतो. बातमी ऐकून ताडकन उभा राहिलो, आणि मागं गेलेली फळी तशीच परत येऊन माझ्या पोटऱ्यांवर आदळली. मी भुईवर, फोन सोफ्याखाली. भाऊ माझ्या बायकोचा, सुमनचा गेला होता... आणि आधी तिला मलाच उचलावं लागलं.

दादा म्हणजे माझे थोरले मेहुणे. त्यांचं आयुष्य एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये गेलं. लोखंड दाबून पातळ करायचं काम, त्यामुळं कुठलीही वस्तू दिसली की ते आधी तिची जाडी बघायचे. माझीही बघायचे, पण पाव्हणा म्हणून बोलायचे नाहीत.

सासऱ्यांच्या माघारी वडीगोद्रीला वाटणी झाली. शेत झालं, घर झालं, आणि अडलं ते त्यांच्या बंगईच्या फळीवर. सागाची, चांगली रुंद, मूठभर जाड. दादा आणि धाकटा अशोक, दोघांनाही तीच हवी होती. बोलणं बंद पडलं. निरोप माझ्यामार्फत जायचे, आणि पोचवताना माझ्याकडून थोडं तिखटमीठ पडायचंच. शेवटी अशोकनं निरोप दिला, "मधून कापा अन् अर्धी अर्धी घ्या." तो ऐकून दादा स्वतःच त्याच्या दारात गेले.

"अर्ध्या फळीवर झोका घेणार का तू?" ते म्हणाले. "जाडीतून चिरू. लांबी-रुंदी बाबांची तशीच राहील. अन् दोन न्हाई, तीन करू. सुमी बी हाय."

लाकूड चिरणाऱ्या मिलवाल्यानं हात जोडले, एवढी रुंद फळी मशीनमध्ये मावत नव्हती. दादांनी मंग दोघांनी ओढायची जुनी करवत मिळवली, फळी उभी करून अंगणातल्या कडुलिंबाला आवळली, कडेनं रेघा मारल्या. दुसऱ्या टोकाला मी लागलो. जोर दाखवायला ढकलली, तर पातं कमानीसारखं वाकलं.

"पाव्हणे, ओढायची असती, ढकलायची न्हाई. तुम्ही पाचरी ठोका."

माझ्या हातातली मूठ अशोकनं घेतली. या करवतीत एकानं ओढली की दुसऱ्याला सोडावीच लागते, आणि सोडली हे सांगावंही लागतं.

"सोड."

"घ्या."

"दाबू नको आशक्या, रेघ सुटंल."

"तुमच्याच बाजूनं सुटून राह्यली, दादा."

भुसा मिशांत, भुवयांत. मी चिरेत पाचरी ठोकत होतो आणि कुणीही न विचारलेले सल्ले देत होतो. बोटभर लाकूड उरलं तेव्हा दोघं थांबले, एकमेकांकडं पाहिलं... आणि ओढली. फळी उघडली. दोन्ही अंगांवर एकाच वळणाच्या रेषा, समोरासमोर. रेघ कुठंच सुटली नव्हती. दुसरी चीर तर त्यांनी लहानपणीच्या गप्पा मारत उरकली.

बाबांनी बसून गुळगुळीत केलेली वरची फळी दादांनी सुमनला दिली, खालची अशोकला. स्वतःला ठेवली मधली, जिच्यावर कुणीच बसलेलं नव्हतं. "हिला मी करतो गुळगुळीत," म्हणाले. केलीही. दादांच्या तेराव्याला पाहिलं, अशोक तिच्यावर बसला होता... एका कडेला, मधली चकचकीत जागा सोडून.

काल संध्याकाळी चहा आला म्हणून मी आमच्या बंगईवरून उठलो, आणि फळीनं मला पुन्हा गाठलं. सुमन हसली, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा.

"दादानं चिरली म्हणून वाचलात," ती म्हणाली. "बाबांची अख्खी असती तर पाय प्लास्टरात असता."