सासऱ्यांची ठासणीची बंदूक

सासऱ्यांनी मला स्वतःहून पहिला फोन केला तो बंदुकीसाठी. आमच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती. मी मूळचा लातूरकडचा, राहायला पिंपळे गुरवला. बायकोची आणि माझी ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली, आणि तिच्या निघोजे गावच्या शेतकरी घराला असा जावई नको होता. त्यामुळे मी समोर बसलेला असलो तरी सासरे माझ्याशी बायकोमार्फत बोलत. पाव्हण्यांना भाकरी वाढ. पाव्हण्यांना विचार, कधी निघायचं.

त्या दिवशी मात्र थेट म्हणाले, "पाव्हणं, तुमी कंपनीत गंज काढता म्हनं."

मी हो म्हणालो. महाळुंग्याच्या एका कारखान्यात लोखंडी पार्ट ॲसिडच्या टाकीत बुडवून गंज काढणं आणि ते पुढे रंगाला पाठवणं, हेच माझं काम.

बंदूक त्यांच्या वडिलांनी घेतलेली. रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर मिळाली होती, आणि पुढे तो परवाना सासऱ्यांच्या नावावर झाला. आता शेताच्या तिन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती होत्या. डुकरं कुठे गेली ते कुणाला माहीत नव्हतं. बंदूक माळ्यावर, नेमकी पत्रा गळायचा तिथे, गोणपाटात पडून होती. सासरे ती पोलीस ठाण्यात कायमची जमा करायला घेऊन गेले, तर नळीवरचा नंबर गंजामुळे वाचता येईना म्हणून त्यांना परत पाठवलं.

टाकीत बुडवून आणा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी समजावलं की ॲसिड नंबरही खाईल, आणि आमच्या गेटवर डबासुद्धा उघडून बघतात. ग्राइंडर लावला तरी नंबर जाईल आणि त्याची वेगळी केस होईल. हातानेच करावं लागेल, तुमच्या अंगणात, तुमच्यासमोर. ते म्हणाले, या रविवारी.

रविवारी मी रॉकेल, बारीक तारेचा काथ्या आणि पितळी ब्रश घेऊन गेलो. त्यांनी बंदूक बाजेवर ठेवली होती. गंजाचे पोपडे सुटले होते, घोडा जागीच घट्ट बसला होता, लाकडी दस्ता पांढरा पडला होता. आधी आत काही नाही ना बघू, म्हणून त्यांनी नळीत गज घातला, तोंडाशी बोटाने खूण धरली, गज बाहेर काढून नळीशेजारी ठेवला. खूण वीतभर कमी भरली. त्यांनी पुन्हा घातला. पुन्हा तेवढीच.

"भरल्याली हाय," ते म्हणाले.

मी बाजेवरून उठून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. कधी भरली होती, असं विचारलं. ते आठवत होते. उत्तर सासूबाईंनी दिलं, दारात तांदूळ निवडता निवडता. "तुमच्या लग्नाच्या साली."

माझ्या लग्नाच्या वेळी निघोज्यात माझ्यासाठी बंदूक काढली आहे, असं मला दोन-तीन जणांनी सांगितलं होतं. मी ते गावातलं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं.

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "त्या साली डुकरं लई झाली व्हती," ते म्हणाले.

मी म्हणालो, असतील.

आतली दारू भिजावी म्हणून त्यांनी नळीत पाणी ओतलं आणि बंदूक पेरूच्या झाडाला टेकवून ठेवली. आम्ही जेवलो. दुपारी गजाच्या टोकाला स्क्रू बसवून त्यांनी आतलं हळूहळू ओढून काढलं. आधी चिंध्या आल्या, मग छर्रे, मग दारूचा काळा चिखल. छर्रे त्यांनी तळहातावर घेऊन बघितले आणि खिशात टाकले.

त्यानंतर कितीतरी रविवार तेच. रॉकेल लावायचं, भिजू द्यायचं, तारेने घासायचं, पुसायचं. नंबर उमटला तेव्हा मी त्यांना बोलावून दाखवला. चष्मा लावून त्यांनी मोठ्याने वाचला. माझ्या मते काम संपलं होतं.

"अशीच द्यायची?" ते म्हणाले.

घासलेली नळी पांढरी फटक दिसत होती. पूर्वी काळी होती म्हणे. तो काळा रंग गंजाचाच असतो. नळीवर मुद्दाम पातळ गंज चढवायचा, ती उकळत्या पाण्यात ठेवायची, लाल थर काळा पडला की वरचा भुगा झाडायचा, आणि परत पहिल्यापासून. आयुष्यभर गंज काढून पोट भरलेला माणूस सासऱ्यांच्या अंगणात गंज चढवत बसला. एवढं लांब भांडं नव्हतं, म्हणून त्यांनी पत्र्याची पन्हळ दोन्ही टोकांना बंद करून चुलीवर ठेवली. जाळ ते बघायचे, मी नळी फिरवायचो. दस्त्याला त्यांनी जवसाचं तेल चोळलं. अधूनमधून आम्ही बोलायचो. बहुतेक लोखंडाबद्दल.

ठाण्यात हवालदाराने बंदूक उलटसुलट करून बघितली. नंबर सहज जुळला. मग तो म्हणाला, "काका, इतकी झ्याक ठेवलीय, जमा कशाला करता? परवाना वाढवून घ्या."

सासरे माझ्याकडे वळले. "पाव्हणं, काय करायचं?"

त्यांनी माझं मत याआधी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "मामा, तुम्हाला काय वाटतं?"

"राखायला काय ऱ्हायलंय," ते म्हणाले, आणि सही केली.

हवालदाराने घोड्याला सुतळीने चिठ्ठी बांधली. सासऱ्यांनी पिशवीतून उरलेल्या तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली. याचं काय करू, असं त्याने विचारलं. पावसाळ्याआधी लावा, सासरे म्हणाले. आमच्याकडे तशी काही पद्धत नाही, असं हवालदार म्हणाला, पण बाटली त्याने ठेवून घेतली.

बाहेर येऊन मी गाडी काढली. सासरे मागे बसले आणि उद्या कुठली शिफ्ट आहे ते विचारलं. दुसरी, दुपारची, मी म्हणालो.

"मंग मुक्कामालाच ऱ्हावा," ते म्हणाले. "कोंबडं कापू."