पिवळ्या चौकटीची घाई

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यासाठी मी मालसाठ्याचा प्रोग्राम लिहिला, तेव्हा त्यात एक करामत केली होती. माउसचा बाण कुठल्याही बटणावर गेला, की ते बटण कशासाठी आहे हे सांगणारी पिवळी चौकट उघडायची. मला तिचा कोण अभिमान! पण बाण नुसता पलीकडे न्यायचा म्हटलं तरी वाटेतली सगळी बटणं फटाफट बोलायला लागायची. तिथल्या हिशेब बघणाऱ्या बेन वैतागल्या. "भाई, आ वच्चे वच्चे केम बोले छे?" हे मधे मधे का बोलतंय म्हणे!

मग मी टायमर घातला. बाण थांबला तर जरा वाट पाहायची, मगच बोलायचं. हलला तर पुन्हा पहिल्यापासून. निघून गेला तर गप्प बसायचं. बेन खूश झाल्या. माणूस अडलाय की नुसता चाललाय हे कसं ओळखावं, यावर मी ऑफिसात छोटंसं भाषणही ठोकलं.

त्याच सुमारास मांजलपूरच्या एका शाळेत बायकोच्या नोकरीचं जमत आलं होतं. अट एकच, कॉम्प्युटरवर परीक्षेचा पेपर टाइप करून दाखवायचा. शिकवायला घरात तज्ज्ञ हजर! मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो. तिचा हात माउसकडे वळायच्या आत मी ओरडायचो, "डावं बटण, डावं!" ती फाइल शोधायच्या आत, "अगं वर बघ, वर!" शेवटी तिनं माउस सोडला. डोळ्यांत पाणी होतं.

"अहो, मला येत नाही असं नाही. तुम्ही येऊ देत नाही. आता जरा छानामाना बसा!"

छानामाना म्हणजे गुपचूप. बडोद्यात हे कळायला गुजराती असावं लागत नाही. मी ओशाळलो, स्टूल ओढून बसलो.

ती थांबली की मी मनात मोजायला लागायचो. तोंड उघडणार, तेवढ्यात तिचा हात हलायचा. पुन्हा पहिल्यापासून. शीर्षक मध्यभागी कसं आणायचं यावर ती अडली, तेव्हा घाम मला फुटला. तिनं भलतंच बटण दाबलं, मग दुसरं दाबलं. शीर्षक मध्यभागी आलं. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

पेपर पुरा करून ती उठली, मागे वळली आणि दचकली. "अगबाई, इथेच होतात? मला वाटलं, गेलात."

नोकरी तिला मिळाली. शाळेतल्या मोठ्या बाईंनी विचारलं, कॉम्प्युटर कुणी शिकवला?

"आमच्या ह्यांनी," ती म्हणाली. "एक दिवस ते बोललेच नाहीत."