शेकाट्याचे निर्दोष छायाचित्र

वरोरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडे आत, एक खाजण आहे. भरतीचे पाणी तेथे शिरते, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात त्या चिखलात शेकाटे चरतात. छाती पांढरीशुभ्र, पंख काळे आणि पाय इतके लांब व गुलाबी, की हा पक्षी कोणाचे तरी पाय मागून आणून उभा आहे असे वाटावे. गेल्या हिवाळ्यात तलासरीच्या बाजूने डंपर येऊन या चिखलात पाडलेल्या इमारतींचा राडारोडा ओतू लागले. मी तक्रार केली. संबंधित कार्यालयाने अत्यंत तत्परतेने, म्हणजे माझ्या चौथ्या स्मरणपत्रानंतर, कळवले की म्हणणे छायाचित्रांसह सिद्ध करावे. पक्ष्यांनी स्वतः हजर राहून जबाब द्यावा अशी अट घातली नाही, हा कार्यालयाचा मोठेपणा.

मी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. कागद कसा सिद्ध होतो, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. छायाचित्राचे मात्र तसे नव्हते. ते मला मुलीने शिकवले. ती सरावलीत राहते आणि लग्नांची छायाचित्रे संगणकावर दुरुस्त करून देते. नवरदेवामागचा कचऱ्याचा डबा नाहीसा करणे आणि आत्याबाईंचे मिटलेले डोळे उघडणे, हा तिचा व्यवसाय. माझा पहिला शेकाट्या पाहून ती म्हणाली,

"बाबा, हा पक्षी आहे की डाग?"

"पक्षी आहे. पाय बघ."

"पाय विजेच्या खांबात मिसळलेत. खांब पुसू?"

"पुरावा पुसायचा नसतो! एक ठिपका बदललास तरी समोरचा वकील म्हणेल, छायाचित्र बनावट आहे."

"मग तिथेच नीट काढा ना. म्हणजे मला हातच लावावा लागणार नाही."

तिने सांगितलेले नियम मी कलमांसारखे पाठ केले. सूर्य पाठीशी हवा, आणि तोही सकाळचा. उजेड पक्ष्याच्या पांढऱ्या छातीवर मोजावा आणि किंचित कमीच ठेवावा. अंधारलेल्या भागातून तपशील मागाहून वर काढता येतो. पांढरे एकदा जळाले, की तेथे कोरा कागद उरतो. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर हवा. चरणाऱ्या शेकाट्याचा डोळा माझ्या गुडघ्याच्याही खाली येतो. तेव्हा निवृत्त शिरस्तेदाराने चिखलात पालथे पडावे, इतकी या कलमाची व्याप्ती. आणि सर्वांत महत्त्वाचे, पार्श्वभूमी दूरची आणि एकरंगी हवी. नको असलेली वस्तू नंतर पुसत बसण्यापेक्षा आपणच दोन हात बाजूला सरकावे.

सुके बोंबील घेऊन वाणगावच्या बाजाराला निघालेल्या एका मासेवाल्या बाईने मला त्या अवस्थेत पाहिले.

"काका, पडलात का झोपलात?"

"छायाचित्र काढतो आहे."

"कोणाचं? चिखलाचं?"

"पक्ष्याचं. ही जागा भरली तर तो जाईल कुठे?"

"तो जाईल हो उडून. तुम्हाला कोण उठवणार?"

उठवले तिनेच, डोक्यावरची टोपली न उतरवता, एका हाताने.

पुढे कित्येक सकाळी मी तेथे पालथा पडलो. डावीकडे डंपर उभा राही, म्हणून मी उजवीकडे सरकलो. राडारोड्याचा ढीग चौकटीत डोकावला, म्हणून अधिक खाली झालो. शेवटी अशी छायाचित्रे हाती आली, की मुलगी म्हणाली, "बाबा, याला काहीही करायचं नाही. सरळ छापून द्या." पत्नी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अहो, हे आपल्याकडचंच आहे ना?" ही मी प्रशंसा समजलो. एका अक्षराचाही फेरफार नसल्याचे शपथपत्र जोडून मी छायाचित्रे दाखल केली.

सुनावणीला अधिकाऱ्यांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! जागा तर अगदी स्वच्छ दिसते."

भराव टाकणाऱ्या कंत्राटदाराचे वकील उठले. मी त्यांच्या जागी असतो, तर मीही उठलो असतो. "साहेब, तक्रारदारांनी शपथेवर दाखल केलेल्या मूळ छायाचित्रांत राडारोड्याचा एक खडाही नाही. पक्षी निवांत चरत आहेत. आम्हाला वेगळे काही म्हणायचे नाही."

कंत्राटदाराने बाहेर मला हात जोडले आणि आपल्या ऑफिसात लावायला एक प्रत मागितली. "काका, फोटा सरस छे. एक मने पण आपजो, ऑफिसमां लगावीश."

पुढच्या तारखेला भराव दाखवता आला नाही, तर तक्रार निकाली निघणार होती. घरी येऊन मी मुलीवर गरजलो. ती शांतपणे म्हणाली, "मी लग्नातलं सांगितलं, बाबा. तिथे मागचं कोणालाच नको असतं."

मग मी कलमे दुरुस्त केली. पाठीशी सूर्य आणि पांढऱ्यावर मोजलेला उजेड, ही दोन ठेवली, बाकीची रद्द. पालथे पडण्याऐवजी बांधावर ताठ उभा राहिलो. लांबचे भिंग काढून रुंद दृश्याचे लावले. जवळचा पक्षी आणि दूरचा ढीग दोन्ही स्पष्ट यावेत, म्हणून भिंगाचे छिद्र बारीक केले. क्षितिज बांधाशी जुळवून जागीच सरळ धरले, म्हणजे मागाहून तेही कापावे लागू नये. आणि वाट पाहिली ती सुंदर क्षणाची नव्हे. डंपरचा हौदा वर उचललेला, राडारोडा कोसळतो आहे, दोन शेकाटे हवेत आणि तिसरा ढिगाच्या कडेला अजून चोच खुपसून उभा, असे ते छायाचित्र. गाडीचा क्रमांक वाचता येतो. इतके कुरूप छायाचित्र आमच्या घरात आजवर कोणी काढलेले नाही.

अधिकारी ते पाहून हिरमुसले. "आधीच्यासारखा नाही जमला हा."

"नाही जमला, साहेब. मागे पाहावे."

त्यांनी पाहिले. मग कंत्राटदाराकडे वळून म्हणाले, "डंपर तुमचा?"

"साहेब, ए तो एमज ऊभो हतो."

"नुसताच उभा? हौदा वर करून?"

वकीलमहाशय आपल्या कागदांत काहीतरी शोधू लागले. जागेची पाहणी होईपर्यंत काम बंद ठेवा, असे अधिकाऱ्यांनी सांगितले आणि पुढची फाईल ओढली. मी हललो नाही.

"साहेब, हे लेखी द्यावे."

"अहो, सांगितलं ना मी आत्ता!"

"ऐकले. लेखी द्यावे."

ते मिळेपर्यंत मी बाकावर बसून राहिलो. शिक्का उमटला आहे, स्वाक्षरी खरी आहे, हे पाहूनच उठलो.

काम थांबले आहे. पाहणी अजून व्हायची आहे. दोन सुनावण्यांच्या मधल्या काळात, माझ्या निर्दोष छायाचित्रांच्या कृपेने, डंपर अधिकच निर्धास्तपणे आले आणि रस्त्याकडचा चिखल गाडला गेला. उरलेल्या चिखलात शेकाटे चरतात. मी त्यांचा उपकारकर्ता आहे, असा त्यांचा समज दिसत नाही. मी बांधावर उभा राहिलो, की ओरडत उडून जातात.